तीन नंबरचा कंगवा

जामखेडच्या सलूनमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना दिसत नव्हतं.

"किती नंबर लावू, बाबा?" कारागिराने विचारलं. "एकला लई बारीक ऱ्हात्यात, तीनला सेंटीमीटरभर."

बाबांनी मशीनचे प्लॅस्टिकचे कंगवे मागून घेतले, एकेक अंगठ्याने हळूहळू चाचपला आणि तीन नंबरचा पुढे केला.

"लेक येनार हाय, लई वर्सांनी. ल्हानपनी माझ्या डोक्यावर हात फिरवल्याबिगर झोपत नव्हती. तिच्या हाताला तसंच लागाय पायजे."

केस कापून झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे मान झुकवली. "तुमी बघा बरं हात फिरवून."

मी फिरवला. तळव्याला मऊ गुदगुल्या झाल्या. रस्त्यावरच्या टेम्पोंचा आवाज दूर दूर गेला.

"झोप येती का?" त्यांनी काळजीने विचारलं.

"येते," मी म्हणालो. माझे डोळे खरंच मिटत होते.