बाकड्यावरचा पहिला माणूस

मिलिंद गेल्याचं मला येरमाळ्याच्या स्टँडवरच्या फ्लेक्सनं सांगितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला मुलीकडं होतो. डोळ्यांना त्रास नको म्हणून फोन काढून घेतलेला, आणि मनाला त्रास नको म्हणून बातमीही. धाराशिवला घरी जाण्याआधी त्याला भेटावं म्हणून मधेच उतरलो, आणि नव्या भिंगातून वाचलेली पहिली मोठी अक्षरं ती निघाली. फ्लेक्सवर डझनभर पुढारी हसत होते. खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढा, मिलिंद होता. ज्याला श्रद्धांजली वाहायची तो सोडून बाकी सगळे ठसठशीत दिसत होते. त्याला ‘समाजभूषण’ केलं होतं, आणि ‘मानसिक आरोग्य चळवळीचे अध्वर्यू’ही. तो शेजारी असता तर म्हणाला असता, ‘मास्तर, अध्वर्यू म्हंजी काय रं? माणूस चांगला असतो का?’ मी पिशवी घेऊन तसाच उभा राहिलो... सकाळी चहा पिऊन अंगणात बसला होता तो तसाच गेला, हे मला शेवटी पानवाल्यानं सांगितलं.

आमची ओळख बहात्तरच्या दुष्काळातली. तसे आम्ही एकाच गावचे, येरमाळ्याचेच, एकाच वर्गातले. पण त्याचं घर बौद्ध वस्तीत, आमचं गावात, आणि शाळा सुटली की वाटा फुटायच्या. त्या साली आमची जमीन कोरडी पडली आणि त्यांच्या घरची मजुरी बंद झाली. दोघंही खडी फोडायच्या केंद्रावर गेलो आणि दुपारी खायला वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या रांगेत शेजारी बसलो. समतेवरची भाषणं मी पुढं पुष्कळ ऐकली, पण तिची अंमलबजावणी इतक्या झपाट्यानं फक्त दुष्काळानं केली. पाऊस पडल्यावर गावानं ती परतही घेतली. आम्ही दोघांनी मात्र आमच्या वाट्याची ठेवून घेतली. मी खडीच्या ढिगावर पुस्तक उघडून बसायचो म्हणून त्यानं मला ‘मास्तर’ नाव ठेवलं. पुढं जन्मभर ग्रंथपालाची नोकरी केली तरी ते सुटलं नाही.

दुष्काळ सरला, केंद्र बंद झालं, आणि काही महिन्यांनी मिलिंदही बंद पडल्यासारखा झाला. जेवेना, झोपेना, भिंतीकडं तोंड करून बसून राही. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं बऱ्याच वेळानं विचारलं, ‘मास्तर, केंद्र चालू हाय व्हय अजून? फोडत्यात की... आवाज येतोय.’ बाहेर एक कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. गावानं निदान तयार ठेवलंच होतं: बाहेरचं झालंय. त्याच्या मायनं सांगतील ते सगळं केलं, अंगारा, गंडा, उतारा, उपास. बौद्ध झाल्यावर हे सोडलं होतं ना, असं तिला कुणीतरी सुनावलं. ती म्हणाली, ‘लेकरू बरं हुस्तोवर मला काय बी इचारू नका.’ शेवटी सोलापूरच्या मिलमध्ये असलेला तिचा भाऊ येऊन त्याला घेऊन गेला. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं या आजारालाही नाव असतं आणि गोळीही असते, हे मायलेकांना पहिल्यांदा सांगितलं.

गावात सांगितलं गेलं, की मिलिंद मिलचं काम शिकायला गेलाय. खरं काय ते त्याची माय, मामा आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक. तो बरा होऊन परतला, हाताला थोडा कंप घेऊन, आणि दूध सोसायटीत फॅट काढायच्या कामाला लागला. दर महिन्याला मामाला भेटायला सोलापूरला जायचा. जाणं-येणं, रांग, गोळ्या, यात सबंध दिवस जायचा. भाच्याची मामावरची माया पाहून आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्याला तसंच राहता आलं असतं. बरा झाला होता, नोकरी होती, झाकलेलं झाकलेलं होतं. पण शेजारच्या गावचा एक पोरगा, आमच्याच वयाचा, मॅट्रिकला दोनदा नापास झालेला, विहिरीत सापडला. पाय घसरला असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. आम्ही माती देऊन परतत होतो. मिलिंद वाटेत थांबला आणि म्हणाला, ‘मला मामा हुता, मास्तर. ह्याला न्हवता. एवढाच फरक हाय.’ 

आमचं एक नवयुवक मंडळ होतं. व्हॉलीबॉल, जयंतीची मिरवणूक आणि गणपतीतलं नाटक, एवढीच त्याची कामं, आणि नाटकाचा पडदा कुणी ओढायचा यावर वर्षातून एकदा ते फुटायचं. मिलिंदनं या फुटक्या मंडळाला एक काम दिलं: सोलापूरचा डॉक्टर महिन्यातून एकदा येरमाळ्याच्या सरकारी दवाखान्यात आणायचा, तरुण पोरापोरींसाठी. आधी आम्ही सगळ्यांनी करतात तेच केलं. निवेदनं दिली. निवेदन घेताना साहेब हसतो, आपण हसतो, फोटोवाला असला तर तोही हसतो, आणि काम संपतं. मग मिलिंदला युक्ती सुचली ती सोसायटीत बसून. ते दिवस सहकाराचे. माणसाला घर नसेल, पण तो कुठल्यातरी संस्थेचा सभासद असे. आणि सभासदाला वार्षिक सभेत तोंड उघडायचा हक्क असतो, तो कुणी वापरत नाही एवढंच. आमच्या बापांना त्या सभेचा इतका कंटाळा होता, की त्यांनी आनंदानं पोरांच्या नावानं शेअर करून दिले. मिलिंदच्या घरी एक गाय होती, तिच्यावर तोही सभासद.

सभेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ असतात. तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात. मिलिंद उठला आणि त्यानं मागणी मांडली. चेअरमन होते अण्णा. गोरेपान, पांढऱ्याशुभ्र टोपीतले, मनानं वाईट नव्हेत, पण समोर माईक आला की स्वतःच्याच आवाजाच्या प्रेमात पडणारे. त्यांनी विचारलं, ‘अरे बाळा, दुधाचा आन् डोस्क्याचा काय संबंध?’ सभा हसली. मिलिंदनं हसणं संपू दिलं.

‘अण्णा, सोसायटीनं गाईसाठी डॉक्टर आनलाय. म्हयन्याला येतो. गाय खात न्हाय, हुबी ऱ्हात न्हाय म्हनलं की तपासतो. तिला कुनी म्हनत न्हाय की बाहेरचं झालंय. घरातलं पोरगं खात न्हाय, झोपत न्हाय, त्याला बी तेवढंच मागतोय आमी. गाईएवढं.’

‘गाईएवढं’ला मात्र कुणी हसलं नाही. ठराव झाला. मग तोच ठराव दुसऱ्या सोसायटीत, ग्राहक भांडारात, पतपेढीत. येरमाळ्यात ज्या ज्या संस्थेला सभा होती तिथं ऐनवेळचा विषय एकच. मुलीही येऊ लागल्या. शिवणवर्गातल्या मुलींनी आपल्या संस्थेच्या सभेत तो मांडला तेव्हा अध्यक्षबाईंनी आधी दार लावून घेतलं आणि मग स्वतःच अनुमोदन दिलं. दोन-तीन वर्षं हे चाललं. ठरावांना अण्णा इतके वैतागले, की जिल्ह्याला जाऊन खेटे घालून त्यांनी मंजुरी आणली. यात आपल्या हातून एक उद्घाटन होणार आहे, हेही मधल्या काळात त्यांच्या ध्यानात आलं होतं. मंजुरी होती प्रयोगापुरती. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, पहिल्या दिवशी पेशंट आले नाहीत तर वरचे लोक हे बंद करतील, आणि पुन्हा मागायला तोंड राहणार नाही.

आम्ही घरोघर गेलो. गाजावाजा नको, बाजारच्या दिवशी या, बाजाराला आलो म्हणून सांगा, असं समजावलं. पंधरा-वीस घरं कबूल झाली. आणि नेमकं अण्णांनी ते केलं, जे आमच्याकडचा सहकारातला माणूसच करू शकतो. आमच्या भागात नवीन दूध केंद्र उघडलं की पहिलं दूध घालणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. तो रिवाजच. अण्णांनी तो दवाखान्याला लावला. कमान, मांडव, ताशा आणि स्टँडपर्यंत ऐकू जाणारा भोंगा. फीत कापून झाली, अण्णांचं भाषण झालं, आणि निवेदकानं जाहीर केलं: आता पहिल्या मनोरुग्णाचा सत्कार चेअरमनसाहेबांच्या शुभहस्ते होईल, तरी पहिल्या मनोरुग्णानं व्यासपीठावर यावं.

मी मांडवाच्या कडेला होतो. तिथून आमची पंधरा-वीस घरं मला दिसत होती, लिंबाखाली, हॉटेलच्या बाकावर, बैलगाडीआड. ती पाहता पाहता विरघळायला लागली. कुणाला बस आठवली, कुणाला भाजी. एका बापानं मुलीच्या डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला आणि तो वळला. निवेदक पुन्हा पुकारत होता. डॉक्टर घड्याळाकडं बघत होते. पुढच्या खुर्च्यांवर मुरुमचे पाहुणेही बसले होते. मिलिंदची सोयरीक जुळत आली होती. पोराची गावात किती पत आहे ते बघून घ्या, म्हणून मायनंच मुलीच्या चुलत्याला मुद्दाम बोलावलं होतं.

मिलिंद स्टेजमागं सतरंज्या उचलत होता. त्यानं सतरंजी खाली ठेवली, हात झटकले आणि वर गेला. अण्णांना वाटलं काही निरोप आहे. त्यानं त्यांच्या हातातली शाल घेतली, स्वतःच खांद्यावर टाकली, नारळ घेतला आणि माईकपुढं उभा राहिला.

‘पहिला पेशंट म्या हाय. मिल शिकाय गेलो न्हवतो, सोलापूरच्या दवाखान्यात हुतो. गोळी खातो, आज सकाळी बी खाल्ली.’ एवढं बोलून त्यानं नारळ पोटाशी धरला. ‘सत्कार फकस्त पहिल्याचा असतोय. तो झाला. दुसऱ्याला शाल न्हाय, नारळ न्हाय, भाषण न्हाय. तवा दुसऱ्यानं बिनघोर यावं.’

भोंगा बंद करा, असं त्यानं निवेदकाला सांगितलं, आणि जाऊन डॉक्टरांच्या दारापुढच्या बाकड्यावर बसला. बराच वेळ तो एकटाच होता. मग एक म्हातारी नातीचा हात धरून आली आणि त्याच्या शेजारी टेकली. तिच्यामागं तो पदर ओढणारा बाप मुलीला घेऊन आला. डॉक्टर त्या दिवशी शेवटच्या गाडीनं गेले.

मुरुमचे पाहुणे चहा न घेता उठले. आठवड्यात निरोप आला, मुलीला अजून शिकायचंय. मी त्याच्याकडं गेलो तेव्हा तो म्हणाला, ‘सोयरीक गेली मास्तर, पर शाल बरी हाय. अण्णानं हलकी न्हाय आनली.’ आणि मग हसता हसता त्याचा चेहरा एकदम उतरला, तो त्यानं माझ्यापासून लपवला नाही. माय चुलीपाशी होती. ती माझ्यावर डाफरली, की मित्र असून आवरलं का नाही.  भाकरी थापता थापता तीच पुढं म्हणाली, ‘झालं ते बरं झालं. लपवून लपवून माझंच डोस्कं फिरायची पाळी आली हुती.’

बऱ्याच वर्षांनी त्याचं लग्न झालं, लतावहिनींशी. बघायला गेला तेव्हा चहा यायच्या आधीच त्यानं सगळं सांगून टाकलं. वहिनी म्हणतात, एवढं खरं बोलणारा माणूस पुढं काय लपवणार, म्हणून मी हो म्हणाले. पण भाजी आणायला विसरला की खोटं बोलायचा. डॉक्टर बदलले, नवे आले, दवाखान्याचं ग्रामीण रुग्णालय झालं, मंडळातली पोरं पुढं सासरी-नोकऱ्यांवर पांगली. मिलिंदच्या गोळ्या कधीच बंद झाल्या. पण महिन्याच्या त्या दिवशी तो दार उघडायच्या आधी येऊन बाकड्याच्या दाराकडच्या टोकाला बसायचा. पहिला नंबर. आत जाऊन डॉक्टरांना नमस्कार करायचा, फार तर बीपी बघून घ्यायचा आणि बाहेर यायचा. मी एकदा म्हणालो, आजारी नसताना ही कसली हौस. तर म्हणाला, ‘पहिल्यांदा बसायची लाज वाटती माणसाला. दुसऱ्याला तेवढी न्हाय वाटत. आन् शेजारी कोन बसलं ते बघायचं न्हाय, येवढंच ध्येनात ठेवायचं.’ संस्था काढून लोक अध्यक्ष होतात, मानद सल्लागार होतात. यानं एवढ्या सगळ्यातून स्वतःसाठी फक्त बाकड्याचं एक टोक राखलं.

गेल्या आठवड्यात मी वहिनींना भेटायला पुन्हा गेलो. स्टँडवरचा फ्लेक्स एव्हाना गेला होता. त्या जागी आता कुणाच्यातरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, पुढारी बहुतेक तेच. रुग्णालयावरून जाताना ध्यानात आलं, की आज तोच दिवस. आत वळलो. लिंबाखाली दोन-तीन घरं उभी होती, चहाच्या गाड्यापाशी एक जोडपं, गेटजवळ कॉलेजातली एक मुलगी आणि तिचे वडील, दोघंही आपापल्या मोबाइलमध्ये बघत. दार उघडलं होतं. बाकडं रिकामं होतं. सगळे त्याच्याकडं न बघता त्याच्याकडंच बघत होते.

मी जाऊन दाराकडच्या टोकाला बसलो. सिस्टरनं चष्म्यावरून पाहिलं. ‘काय त्रास होतोय, आजोबा?’

‘झोप लागत नाही.’

‘कधीपासून?’

मी सांगितलं. खोटं काहीच सांगावं लागलं नाही. ती आत गेली... आणि जरा वेळानं बाकडं हललं. कुणीतरी शेजारी बसलं होतं. मी समोरच्या भिंतीकडं बघत राहिलो.