दोन्ही मंडळ्यांचे काका

"बसत नाही भिया, तिकडे उपासना सुरू झाली असेल." एक पाय चपलेत, एक उंबऱ्यावर, असा दारातच चहा संपवून काका निघायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना नुसतं पाहूनच आपल्याला दम लागतो.

मध्य प्रदेशातल्या देवासच्या कारखान्यात काका फिटर होते आणि माझे शेजारी. नगरकडचं ख्रिस्ती घर. इथल्या त्यांच्या लहानशा मंडळीची उपासना मराठीत चालायची. हिंदी शाळांत शिकलेल्या पोरांना मराठी गीतं वाचता येईनात. त्यांनी हिंदी मागितली, म्हातारे भडकले आणि मंडळी फुटली. मराठीवाले चर्चमध्ये राहिले, हिंदीवाल्यांनी भाड्याचा हॉल धरला. दोन पाळक झाले. त्यांचं आपसांत बोलणंही बंद.

काका मात्र अर्धी उपासना इकडे करत, अर्धी तिकडे. मराठीवाले त्यांना फितूर म्हणत, हिंदीवाले जासूस. स्कूटरवरून पोचवायचं काम माझं, म्हणून मी वैतागायचो.

"काका, एक काहीतरी धरा ना!"

"एक धरलं तर दुसरीकडचं कसं कळणार? चल यार, गाडी काढ."

पण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटून खायची भाकर, ते कुठेच घेत नसत. भावाशी बिनसलं असेल तर आधी समेट करायचा, मग वेदीपाशी यायचं, ही त्यांच्या शास्त्राची आज्ञा.

"भांडण त्यांचं, काका. तुम्ही का उपाशी?"

"घर तर माझंच आहे ना."

भाकरीचं ताट आलं की ते मान खाली घालून पुढे सरकवायचे. एरवी मागच्या सीटवरून अख्ख्या बाजाराशी बोलणारा हा माणूस त्या दिवशी घरापर्यंत गप्प असायचा. मला फार वाईट वाटायचं. रागही यायचा, त्या दोन्ही पाळकांचा.

गेल्या वर्षी काकांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. "एकदा प्रभुभोजन घेऊन जाऊ दे रे," ते म्हणाले, "दोघांना एकदमच बोलाव." मी दोघांना बोलावलं. दुसराही येणार हे मात्र कुणालाच सांगितलं नाही.

आणि व्हायचं तेच झालं. म्हाताऱ्या पाळकांनी मराठीत प्रार्थना सुरू केली, तसा तरुण पाळक म्हणाला, "पहले इनसे तो पूछ लीजिए, मराठी में चाहिए या हिंदी में." उशाशीच जुंपली. दोघांनाही हाताला धरून बाहेर काढावं असं मला वाटलं.

काकांनी हात वर केला. "आधी तुम्ही दोघं घ्या. एकमेकांच्या हातून. मग मी."

दोघंही हलेनात. मी येरझाऱ्या घालत होतो.

शेवटी म्हाताऱ्या पाळकांनी भाकरीचा तुकडा मोडला. "लो बेटा," ते म्हणाले.

तरुण पाळकाचे डोळे भरले. त्यानेही तुकडा मोडला आणि अडखळत म्हणाला, "तुम्ही... तुम्ही पण घ्या."

मग काकांनी भाकरीसाठी तोंड उघडलं.

त्याच आठवड्यात ते गेले. कबरीपाशी दोन्ही मंडळ्या उभ्या होत्या आणि दोन्ही पाळकांनी मिळून माती टाकली. विधी कुठल्या भाषेत झाला हे मला विचाराल, तर सांगता येणार नाही. मी रडत होतो.