ब्रदरचे चौथे गाणे

रविवार, ११ मार्च १९९०. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी लीड्समधल्या माझ्या घरचा फोन वाजला. "कूया, आज चौथं गाणं म्हणायचं नाही," ब्रदर म्हणाला. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. निर्णय आधी सांगायचा आणि कारण विचारले तरच द्यायचे, ही त्याची रीत होती. मी स्वतः कमी बोलणारा; त्याच्यापुढे मात्र मी बोलका ठरत असे.

तो फिलिपिनो होता. आमच्या इस्पितळात वृद्धांच्या वॉर्डात नर्स. पुरुष नर्सला मुंबईत ब्रदर म्हणतात, म्हणून पहिल्या दिवसापासून मीही तेच म्हणत आलो. त्यांच्याकडे थोरल्या भावाला कूया म्हणतात. ते त्याने मला लावले. आमचे बोलणे इंग्रजीत चाले, ते मी येथे मराठीत देतो आहे. मी त्याच इस्पितळात इलेक्ट्रिशियन होतो. १९८४ साली नर्सेस होममध्ये एक अॅम्प्लिफायर घरघरतो आहे, अशी तक्रार आली. अर्थची वायर सुटली होती. दहा मिनिटांचे काम. त्यानंतर अकरा वर्षे मी त्याच्या बँडचे माइक, वायरी आणि रेकॉर्डिंग सांभाळले.

बँड चौघांचा, आणि रॉकचा. मला ते संगीत आवडत नसे. आजही फारसे आवडत नाही. एकदा मी आवाज कमी करायला सांगितला. तो म्हणाला, "कूया, आठवडाभर मी वॉर्डात कुजबुजतो. रविवारी नाही." गाण्यांचे विषय मात्र नाचगाण्याचे नव्हते. बोटीवर खपणारे खलाशी, त्यांच्या देशातली हुकूमशाही, परक्या घरात राबणाऱ्या मोलकरणी. लोक ताल धरून नाचायला लागत आणि तिसऱ्या कडव्याला जागच्या जागी उभे राहत. हे मी अनेकदा पाहिले. "आधी पाय हलले पाहिजेत, मग डोकं," असे तो म्हणे.

तो वेळेवर सुरू करी. रविवारच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये तीन माणसे असली तरी दुपारचे दोन म्हणजे दोन. ड्रम वाजवणारा डॅनी कुरकुरे, "अरे, लोक बसमध्ये आहेत अजून!" ब्रदरचे उत्तर ठरलेले असे. "औषधाची वेळ झाली की मी झोपलेल्या पेशंटलाही उठवतो." डॅनी आमच्या इस्पितळाच्या किचनमध्ये होता. तो म्हणे, "म्हणूनच तुझे पेशंट तुझ्या गाण्याला येत नाहीत."

त्याचा एक नियम मला सुरुवातीला अतिरेकी वाटला. ज्याच्या आयुष्यावरून गाणे केले, त्याला ते आधी ऐकवायचे. गिटारशिवाय, समोर उभे राहून. मग विचारायचे, चारचौघांत म्हणू का? नाही म्हटले तर गाणे संपले. वॉर्डात एक जुना गिरणी कामगार होता. त्याला भेटायला कोणी येत नसे. ब्रदरने त्याच्यावरचे गाणे त्याच्या खाटेशी उभे राहून म्हटले. म्हातारा यॉर्कशरचा, तिकडची माणसे तोंडावर बोलणारी. म्हणाला, "रडणं फार आहे, पोरा. अर्धं काढ." ब्रदरने अर्धे काढले. गाणे सुधारले.

माझ्यावरही त्याने एक गाणे केले होते. माझे वडील गेल्याची तार मला कामावर मिळाली आणि मी शिफ्ट पुरी केली, एवढीच हकिकत त्यात होती. आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून त्याने ते म्हटले. मी नको म्हणालो. त्याने मान हलवली आणि आमटीचे वाडगे पुढे केले. विषय पुन्हा निघाला नाही. पत्नी अजून म्हणते, "अहो, चांगलं होतं हो ते." असेल.

चौथे गाणे लिगायाचे होते. लिगाया ब्रदरच्याच देशातली, शहराबाहेरच्या एका श्रीमंत घरात मोलकरीण होती. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. स्वयंपाकघराच्या निळ्या फरशीवर ती झोपे, आणि घरातल्या दोन कुत्र्यांचे जेवण झाल्यावर तिला जेवण मिळे. एका सकाळी कचऱ्याच्या पिशव्या बाहेर ठेवायला म्हणून ती निघाली आणि परत गेली नाही. ब्रदरने ते सगळे जसेच्या तसे गाण्यात घेतले. आपल्या लोकांत म्हणायला लिगायाने होकार दिला होता. मी ऐकलेल्या त्याच्या गाण्यांत ते सर्वांत चांगले होते, आणि हे मी संगीत न आवडणारा माणूस म्हणून सांगतो.

त्या सकाळी मी कारण विचारले. आदल्या दिवशी लिगायाला घरून पत्र आले होते. त्याच मालकाने आता तिच्या धाकट्या बहिणीला कामाला आणले होते. बहीण त्याच घरात होती आणि तिचा पासपोर्ट त्याच कपाटात. गाणे त्या घराच्या कानावर गेले, तर भोगणार बहीण, म्हणून लिगायाने ते गाऊ नको असे सांगितले होते.

मला एक गोष्ट कबूल करावी लागली. लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने टेप मागवली होती. ब्रदरने तीन गाणी ठरवली होती. मी चौथेही घातले. म्हणायला परवानगी आहे म्हणजे टेप करायलाही आहेच, अशी माझी समजूत. ती बाब मी केवळ तांत्रिक मानली. तो माणूस त्या दुपारी मुद्दाम आमच्या कार्यक्रमाला येणार होता, तो त्या गाण्यासाठीच.

"ती टेप लंडनला गेली आहे," मी म्हणालो.

"कोणी पाठवली?"

"मी."

तो म्हणाला, "बरं. त्याला फोन करा. येताना टेप घेऊन ये म्हणावं." दोष दिला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

दुपारी हॉलमागच्या खोलीत डॅनी भडकला. "तिचं नाव कुठं आहे त्यात?"

"नाव नाही. निळी फरशी आहे," ब्रदर म्हणाला.

"मग रंग बदल," मी म्हणालो.

"तिनं गाऊ नको म्हटलंय, कूया. फरशी रंगव असं नाही म्हटलेलं."

"दहा वर्षं!" डॅनी म्हणाला. "दहा वर्षं बटाटे सोलून हे ड्रम ओढतोय मी. आज एक माणूस ऐकायला आलाय."

"माझीही दहाच झाली," ब्रदर म्हणाला. "आणि लिगायाला या लंडनवाल्याचं काही कळता कामा नये. मागच्या रांगेत बसली आहे ती."

दोन वाजता त्यांनी सुरुवात केली. तीन गाणी झाली. चौथ्याच्या जागी खलाशांचे जुने गाणे झाले. डॅनीने त्या दिवशी जसे वाजवले तसे पूर्वी कधी वाजवले नव्हते. राग असावा.

लंडनचा माणूस सज्जन होता. "मी दोनशे मैल त्या एका गाण्यासाठी आलो," तो म्हणाला. "ते नसेल तर माझ्या हातात काही नाही. तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे. चहा घ्या. आणि टेप द्या," ब्रदर म्हणाला.

त्याने टेप दिली. अजून कोणाला ऐकवली नाही, असे स्वतःहून सांगितले. चहा घेतला नाही.

पुढची हकिकत थोडक्यात. बँडची रेकॉर्ड कधी निघाली नाही. सात महिन्यांनी डॅनीने आपली गाडी त्या घराच्या कोपऱ्यावर उभी केली आणि धाकटी बहीण तीत येऊन बसली. लिगायाने नंतर परवानगी दिली, पण ब्रदरने ते गाणे पुन्हा उभे केले नाही. तिला आता दुसरे काही आठवू दे, म्हणाला. १९९५ साली तो मायदेशी परतला. गेल्या वर्षी त्याच्या मुलीचे पत्र आले. त्याविषयी मला अधिक लिहायचे नाही. विचारल्याशिवाय मी त्यानंतर कोणाचा आवाज टेप केला नाही, एवढे नोंदवतो.

त्या रविवारी सहा वाजता तो आमच्या घरी आला आणि टेप मशीनमध्ये घालून चौथ्या गाण्यापाशी आणली. रेकॉर्डचे बटन दाबले जाईना. मी कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडून ठेवला होता. तो मोडला की आधीचे कोणाला पुसता येत नाही. ब्रदरने खिशातून इस्पितळातली पांढरी चिकटपट्टी काढली, बोटभर फाडली आणि त्या भोकावर बसवली. माझ्याकडची प्रत त्याने मागितली नव्हती. मी ती कपाटातून काढून त्याच्यापुढे ठेवली. तिच्यावरही त्याने पट्टी लावली.

मी माइकची वायर काढली, म्हणजे गाण्यावर नुसती शांतता भरली जाईल. त्याने बटन दाबले. गाणे सव्वाचार मिनिटांचे होते. दोन्ही वेळा तो घड्याळाकडे पाहत शांत बसला, नाडी मोजताना बसे तसा. मग त्याने मशीन बंद केले, दोन्ही पट्ट्या सोलून काढल्या आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकल्या.