नहराच्या पाण्यासोबत चालताना

वरठीला उतरले तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. स्टेशनचं नाव भंडारा रोड, गाव वरठी आणि भंडारा अजून पुढेच, त्यामुळे मी पहिल्या पाच मिनिटांतच गोंधळले. बाहेर कारखान्याची पाळी सुटत होती. सायकली, मोटरसायकली, हँडलला लटकवलेले डबे. पल्लवी, म्हणजे माझी होस्टेलची रूममेट, घ्यायला आली होती. तिने मला चहा पाजला आणि सरळ पवनीच्या बसमध्ये कोंबलं.

मी इथे का आले ते आधी सांगते, कारण ऐकून आई हसली होती. मी पुण्यात भाषाविज्ञान शिकते आणि माझ्या सेमिनारचा विषय आहे एक सांगाडा: न-ह-र. सेमिटिक भाषांमध्ये शब्द असे तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे राहतात. मेसोपोटेमियातल्या अक्कदी भाषेने मधला 'ह' गिळून टाकला आणि 'नारु' केलं, त्याचा अर्थ नदीही आणि माणसाने खणलेला कालवाही. हिब्रूत 'नाहार' म्हणजे नदी, आणि नुसतं 'ती नदी' म्हटलं की युफ्रेटिस. अरामीत 'नहरा'. अरबीत 'नहर', तीही नदीच. मग तो शब्द फारसीतून हिंदीत आला आणि परत कालवा झाला. तर एका संध्याकाळी पल्लवी फोनवर कुणाला तरी म्हणाली, "नहराचं पानी आलं तं मावशीचं धान वाचते," आणि मी कॉटवरून उडालेच. माझा शब्द माझ्याच खोलीत होता! तो शेवटी कुठे पोचला, ते बघायला मी निघाले.

कोंढ्याच्या पुढे बस सोडली आणि चालत गावात शिरलो. दोन्ही बाजूंना धान, नुकतं निसवलेलं (लोंब्या बाहेर आलेलं), आणि जमीन मात्र भेगाळायला लागलेली. दसऱ्यानंतर पाऊस आलाच नव्हता. पल्लवीच्या कुसुममावशीच्या घरी बुद्धाच्या फोटोखाली बसून जेवलो. भात, वांग्यात घातलेले सुके झिंगे (छोटी कोळंबी) आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. मी वडे इतके खाल्ले की मावशीने ताट माझ्यासमोरून हलवलंच नाही.

जेवताना कळलं की आजच तलावाचं शेवटचं पाणी सुटणार आहे. सूर्य बुडाला की तुडूम (तलावाचं पाणी सोडायचं दार) बंद, कारण उरलेलं पाणी मासे धरणाऱ्यांचं. मावशीची बांधी (धानाच्या शेताचा तुकडा) नहराच्या अगदी शेवटाला. आज पाणी मिळालं नाही तर लोंब्यांत दाणा भरणार नाही, वर्षभराचा भात गेला. मी घाबरून विचारलं, मग शेवटच्यांना पाणी उरतं का? पल्लवी म्हणाली, आमच्या गावात शेवटच्या पाण्याला उलटी रीत आहे. आधी शेवटची बांधी, मग बाकीच्या.

तलावाच्या पाळीवर (काठाच्या मातीच्या भिंतीवर) शिवाभाऊ बसले होते. पांढऱ्या मिशा, डोक्याला दुपट्टा. पहिली बांधी त्यांची, म्हणून तुडूमही त्यांच्याच हाती. मावशी "जय भीम, भाऊ" म्हणाली, ते "राम राम, वहिनी" म्हणाले, आणि दार उचललं.

मग आम्ही पाण्यासोबत चाललो. खरंच, पाण्याच्या टोकासोबत, त्याच्याच वेगाने! शेवटच्या बांधीच्या घरच्याने असंच चालायचं असतं, हातात फावडं घेऊन. पाणी आधी कोरडी पानं उचलतं, फेस धरतं, खड्ड्यात थांबतं, भरतं, पुढे सरकतं. मावशी गवत काढत होती, भोकं बुजवत होती. मी बडबडत होते. न-ह-र सगळं सांगून टाकलं, बाबिलोनपासून. अरबीत 'नहार' म्हणजे दिवस, अरामीत 'नुहरा' म्हणजे उजेड, आणि ते हेच मूळ की वेगळं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, हेसुद्धा. मावशीने सगळं ऐकलं आणि फावडं टेकवून विचारलं, "तिकडं शेवटच्याले पानी भेटे का वं?"

 मी कधी हे विचारलंच नव्हतं.

अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की फोन पाळीवरच राहिला. मी एकटी परत निघाले. वाटेत खेकड्याने धुरा (बांध) पोखरला होता तिथे धानाचा एक झुबका मुळांसकट उपटून चिखलात पडला होता. इतका सुंदर, लोंब्या, मुळं, टपटपणारा चिखल! म्हटलं फोटो काढू. तो हातात धरून मी नहराच्या कडेने वर चालले. दोन्हीकडच्या शेतातले लोक मला बघून उठत होते, फावडी उचलत होते. एका बाईने हात केला, मीही केला. किती छान माणसं, असं वाटत होतं मला. शिवाभाऊंनी तो झुबका माझ्या हातातून घेतला, तुडूमाच्या खांबाला बांधला आणि दोन घावांत स्वतःचा धुरा फोडला.

तेवढ्यात पाळीवरचा माझा फोन वाजला. मावशीच्या फोनवरून पल्लवी. "पाणी थांबलं गं. वर काय झालं? मावशी विचारून राहिली."

मी झुबक्याचं सांगितलं तेव्हा तिनेच उलगडा केला. शेवटची बांधी भरली की त्या घरच्या माणसाने चिखलासकट मूठभर धान उपटून नहराच्या कडेने वर न्यायचं असतं. त्याला 'खबर' म्हणतात. खबर ज्याच्या शेताजवळून जाईल त्याने आपला धुरा फोडून पाणी आत घ्यायचं. मी मावशीच्या घरची पाहुणी, हातात ओला झुबका. मी जिथून जिथून गेले तिथून वरचे सगळे धुरे फुटले होते, आणि ऊन उतरायला लागलं होतं.

मी शिवाभाऊंना सांगितलं. ही खबर नाही, वाटेत पडलेला झुबका मी फोटोसाठी उचलला. ते फोडलेल्या धुऱ्याशी खाली बसले.

"खबर आली म्हनून फोडला मी. एकडाव फोडलेला धुरा त्याच दिशी कोनी लिंपत नाई, पोरी."

पण मग उठले. चिखल कालवला आणि स्वतःचा धुरा लिंपला. खांबावरचा झुबका सोडून माझ्या हातात दिला.

"जशी आनली तशी वापस ने. ज्याले ज्याले दिसली, त्याले त्याले सांग, खबर वापस चालली, शिवानं लिंपलं."

मी निघाले. लाजेने कान तापले होते. पहिल्याने लगेच चिखल उचलला. दुसरा म्हणाला, "पुन्याची खबर पान्यापेक्षा जोरात धावते." हात केलेली बाई हसून हसून बसली, पण लिंपत लिंपतच हसली. एक जण अडला, त्याचं अर्धं शेत भिजलं होतं. "शिवाभाऊनं खरंच लिंपलं का?" म्हणाला. मी हो म्हटलं. त्याने वर पाळीकडे एकदा बघितलं आणि वाकला.

पाणी पुन्हा जमलं, पुन्हा टोक धरून चाललं, आणि मी या वेळी त्याला सोडलं नाही. मावशीने मला पाहिलं, रागावली नाही, फावडंच हातात दिलं. पाणी तिच्या बांधीत शिरलं तेव्हा भेगांमधून बुडबुडे आले आणि जमिनीचा पिण्याचा आवाज येतो, तो मी पहिल्यांदा ऐकला.

बांधी अर्धीही भरली नव्हती. मावशीने सूर्याकडे बघितलं, वाकून मूठभर धान चिखलासकट उपटलं आणि माझ्यासमोर धरलं.

"भरू दे ना मावशी, आपली रीतच आहे ना," मी म्हटलं.

"ओल झाली, दाना भरते तेवढ्यात. त्यायनं माह्यासाठी लिंपलं, आता त्यायचं भिजू दे. जा, धाव."

मी धावले. या वेळी प्रत्येकाने "खरी हाय ना हे?" असं विचारूनच फावडं उचललं. शिवाभाऊंनी खबर खांबाला बांधली. सूर्य टेकायला थोडा अवकाश होता, आणि नहरभर धुरे फुटत होते.

परतीच्या गाडीत मी सेमिनारचा तक्ता काढला. सगळे जण काढतात तसं मी झाड काढलं होतं, मूळ आणि फांद्या. ते खोडून एक लांब रेघ मारली: नारु, नाहार, नहरा, नहर, आणि शेवटच्या टोकाला मावशीची बांधी. एवढ्या लांब आलेल्या शब्दासोबतही कुणी ना कुणी चाललंच असणार, गवत काढत, भोकं बुजवत. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून नाही. सरांना सांगणार आहे, सेमिनार आता तिथूनच सुरू होईल.

नागपूर मागे पडलं तेव्हा पल्लवीचा मेसेज आला: मावशी विचारते, पोचली का? मी लिहिलं, नाही अजून. पोचले की खबर देते, खरी.

चपलांना अजून चिखल आहे. धुतलेला नाही.