भरिताच्या पंगतीत मिटलेली सीनियॉरिटी

आमच्या जळगावच्या रेल्वे गँगमध्ये ओव्हरटाईमवरून जे भांडण पेटलं, त्याच्या आवाजानं थेट सोनगीरच्या किल्ल्यावरचे कावळे उडाले. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा.

नियम साधा: रविवारच्या ओव्हरटाईमला आधी सीनियर माणूस. आमच्याकडे सीनियर दोन निघाले. आबांची नोकरी जुनी, पण ते शिंदखेड्याहून स्वतः बदली मागून आलेले. अशानं माणूस नव्या जागी सगळ्यांच्या खाली जातो. नाना मागून भरती झाले, पण पहिल्यापासून इथलेच. आबा म्हणत, मी रूळ ठोकत होतो तेव्हा हा शाळेत पाढे चुकत होता. नाना म्हणत, कायदा वाचा. अर्धी गँग इकडे, अर्धी तिकडे, आणि मी युनियनचा शाखा सचिव, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्यांचा धनी. साहेबांनी बजावलं, सोमवारपर्यंत मिटवा, नाहीतर रविवारचं काम ठेकेदाराच्या माणसांना.

मी भाषण केलं नाही. मळ्यात भरिताची पार्टी ठेवली.

कापसाच्या काड्यांवर वांगी अशी भाजली की वासानं लांबची मालगाडी सिग्नल हिरवा असून थांबली. आमच्याकडे पंगतीत मोठ्याला आधी वाढतात, आणि त्यानं घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नाही. आबा-नानांना मी शेजारी बसवलं, पातेलं घेऊन समोर उभा राहिलो आणि म्हटलं, सीनियर कोण ते सांगा, तिथून वाढतो.

सगळी पंगत पानावरून नजर काढून दोघांकडे बघू लागली. भुकेल्या पंगतीत मान मागून घ्यायचा म्हणजे खानदेशात तोंड दाखवायला जागा नाही.

नाना हळूच म्हणाले, "आबा, पयला मान तुमना शे."

आबा चटकन म्हणाले, "नही नाना, तुमनाच."

"झालं," मी म्हटलं. "दोघांनी एकमेकांना सीनियर केलं, बठ्ठ्या गँगसमोर, सगळ्यांच्या साक्षीनं. आता एक रविवार आबांचा, एक नानांचा."

हसत हसत दोघांनी एकदमच घास घेतला. सोमवारी साहेबांना तोडगा कळवला. माणसं घेऊन आलेला ठेकेदाराचा ट्रक आल्या वाटेनं गेला.

पहिला रविवार आबांचा. नानांना सुट्टी, तरी सकाळपासून रुळाच्या कडेच्या लिंबाखाली बसून आबांना ओरडून सांगत होते, खडी नीट भरा, तिकडे पोकळ राहिली. संध्याकाळी घसा पार बसला. त्या ओरडण्याच्या ओव्हरटाईमचा दावा मात्र त्यांनी अजून केलेला नाही.