परळीतलं पोवळं

पोवळं जिवंत असतं, हे मला गुरुलिंगअप्पांच्या पुढच्या खोलीत कळलं. तोवर मी ते लोकांच्या अंगठ्यांत पाहिलं होतं. अप्पांनी मला काचेजवळ ओढलं आणि पाण्यातल्या एका दगडाकडे बोट दाखवलं. दगडावर हिरवट, मऊ फुलं होती. शर्टाच्या गुंडीएवढी. अप्पांनी दगडावर हाताची सावली धरली. फुलं हळूच मिटली.

"बघितलं का शादेव? भितंय ते."

माझं नाव शहादेव. अप्पा शादेव म्हणायचे. मी मराठी घेऊन एम.ए. झालो होतो आणि गल्लीतच होतो, कारण नोकरी कुठंच नव्हती. समुद्रावरच्या कविता मला पाठ होत्या. समुद्र पाहिलेला नव्हता. अप्पांनीही पाहिलेला नव्हता. त्यांनी तो टेम्पोत घालून घरी आणला होता.

साल दोन हजार सोळा. परळीच्या औष्णिक केंद्राची धुरांडी पाण्यावाचून थंड पडली होती. नळ कोरडे. टँकर आला तर आला. अप्पा दूध संघाच्या शीतकरण केंद्रात दूध तपासायचे. जनावरं चारा छावणीत गेली, तसं दूध आटलं. पूर्वी दुपार व्हायची, आता सकाळचा चहा गार व्हायच्या आत अप्पांचं काम संपत होतं.

त्यांच्या घरात आणखी एक गोष्ट आटली होती. आदल्या दिवाळीत त्यांचे वडील गेले. तेव्हापासून आई, उमाबाई, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. सकाळी उठायच्या, अंघोळ करायच्या, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायच्या आणि परत भिंतीकडे वळायच्या. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. अप्पांना ते ऐकून जास्तच भीती वाटली. आजार असता तर औषध आणलं असतं.

त्याच सुमाराला बाजारातली एक पतसंस्था बंद पडली. तिच्या चेअरमनच्या केबिनमध्ये खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी होती. कुठल्या तरी मोठ्या हॉटेलात पाहून त्यांनी हौसेनं बसवलेली. संस्थेचं सामान विकायला निघालं तेव्हा टेबलाला गिऱ्हाईक मिळालं, कपाटांना मिळालं, खुर्च्यांवरून तर भांडणं झाली. काचपेटीकडे कुणी बघेना. काचा मिठानं पांढऱ्या झालेल्या. एक सोडून सगळे मासे मेलेले. शिपायाला दया येत होती म्हणून मोटार तेवढी चालू होती.

अप्पांनी ती पेटी दगडांसकट, माशासकट, पाण्यासकट उचलली. दारात बायको उभी होती, महानंदाकाकू.

"हे काय आणलं?"

"समुद्र."

"अन पाणी?"

"संगंच आणलंय."

"प्यायचं आणलं का?"

अप्पांनी बूट काढले आणि पेटीखाली घालायला विटा मागितल्या.

पुढचे दोन महिने मी रोज जायचो. दुसरं काम नव्हतं, हे खरं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. एक माणूस दाढीच्या ब्लेडनं काचेवरचं मीठ इंच इंच खरवडतोय, हे बघत बसावंसं वाटायचं. मोटार त्यांनी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली आणि दात घासायच्या ब्रशनं धुतली. एक कोपरा पाझरत होता. तो सुकवून परत चिकटवला. दिवे बदलले. पुण्यातल्या एका दुकानदाराला फोन करून करून त्यांनी त्याला मित्र केलं. समुद्राचं मीठ पुण्याहून पार्सलनं यायचं. पार्सलच्या ऑफिसातला माणूस विचारायचा, "अप्पा, परळीत मीठ मिळत न्हाई का?"

मीठ किती झालं हे मोजायला वेगळं यंत्र लागतं. अप्पांनी डेअरीतलं लॅक्टोमीटर लावलं. दूध पातळ की घट्ट ते सांगणारी काचेची तरंगती नळी. समुद्राचं पाणी तिच्यावर पंचविसाला थांबतं.

"एवढं पातळ दूध असलं तर आमी परत पाठिवतो," अप्पा म्हणाले. "समुद्राला पास केलं."

गल्लीला हे सगळं माहीत होतं. टँकरच्या रांगेत समोरच्या वच्छलाबाईंनी तोंड सोडलं.

"अप्पा, मानसाला गोडं पाणी मिळंना, अन तुमी हाय ते खारट करून ठिवलं!"

"माज्या अंघोळीचं हाय ते, वच्छलाबाई. तुमच्या घागरीतलं न्हाई."

"तरीच! गल्लीभर वास सुटलाय."

सगळी रांग हसली. अप्पाही हसले. पण ते खरं होतं. टँकरच्या पाण्यातला एक थेंब ते पेटीला लावत नसत. स्वतःची अंघोळ त्यांनी एका तांब्यावर आणली होती, वाचलेलं पाणी घराला दिलं होतं आणि त्याच्या बदल्यात पेटीसाठी शुद्ध पाण्याचा एक जार सायकलच्या कॅरिअरला बांधून आणत. माशाचं पाणी तेवढंच. नियम त्यांनीच केला होता. मोडताना मी त्यांना पाहिलं नाही.

पेटी खाटेसमोर ठेवली होती. मुद्दाम.

पहिले काही दिवस उमाबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. मग एका सकाळी मी गेलो तर त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं. त्या कुशीवर वळून माशाकडे बघत होत्या. मासा नारिंगी. अंगावर पांढरे पट्टे.

"गुरुलिंगा," त्या म्हणाल्या. "ह्याच्या आंगावर भस्म हाय रे. तीन पट्टे. मोज."

अप्पांनी मोजले. तीनच होते.

"आपल्यातलाच हाय. जंगम हाय ह्यो." जंगम म्हणजे त्यांच्यातले गुरू. घरी आले की आधी त्यांना वाढायचं, मग घरच्यांनी जेवायचं. उमाबाई उठून बसल्या. "जंगमाला जेवायला घातलं का न्हाई कुणी?"

महानंदाकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं. सासूला बसलेली बघून त्या तशाच उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून अप्पांनी आईला काम दिलं. पेटीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. मीठ मागंच राहतं. म्हणून रोज उडालं तेवढं गोडं पाणी वरून घालावं लागतं. काकूंच्या नेलपॉलिशनं अप्पांनी काचेवर एक लाल रेघ मारली. "आई, पाणी रेघंच्या खाली गेलं की घालायचं. जारातलं. हे तुज्याकडं."

उमाबाई ते पूजेसारखं करू लागल्या. पूजा झाली की पेटी. मग चहा. मग वच्छलाबाईंना हाक मारून दारात गप्पा. मे महिन्यात तर त्या रांगेतही येऊन उभ्या राहिल्या, पाण्यासाठी नव्हे, जंगमानं काल काय केलं ते सांगायला.

मे कडक निघाला. पाणी तापू नये म्हणून अप्पांनी पेटीवर टेबलफॅन लावला. वारा लागला की पाणी जास्त उडायचं. उमाबाई जास्त घालायच्या.

आणि मग गोगलगाई पडू लागल्या. काच साफ ठेवायला अप्पांनी पुण्याहून मागवलेल्या इवल्या गोगलगाई. एक सकाळी तळाशी उताणी दिसली. मग दुसरी. मग पोवळ्याची फुलं मिटली आणि दिवा लावला तरी उघडली नाहीत. मासा मात्र मजेत फिरत होता.

अप्पांनी लॅक्टोमीटर सोडलं. पंचवीस. पाण्याचं तापमान पाहिलं. ठीक. फॅन, मोटार, दिवे. सगळं ठीक. ते पेटीसमोर जमिनीवर बसले. मी शेजारी बसलो.

उमाबाई खाटेवरून म्हणाल्या, "फुलं कावून मिटलीत?"

"उन्हानं, आई."

"जगतील ना?" मग जरा थांबून, भिंतीकडे बघत, "माज्या हाताखाली आलेलं टिकत न्हाई रे. तुज्या बापाचं पथ्यपाणी मीच बघत होते."

मी अप्पांकडे पाहिलं. पेटी कशासाठी आणली होती, ते मला त्या क्षणी नीट कळलं. फुलं मेली असती तर नुसती फुलं मेली नसती.

उमाबाई उठून आत गेल्या, तेव्हा अप्पांनी पुण्याला फोन लावला. मी ऐकत होतो. पलीकडून बरेच प्रश्न आले. अप्पा न्हाई, न्हाई म्हणत राहिले.

"तांबं?" ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात उमाबाई स्वयंपाकघरातून आल्या. हातात लोटा होता, पाण्यानं भरलेला. रेघ गाठायची वेळ झाली होती.

"आई, हे जारातलंच ना?"

"जारातलंच." उमाबाई हसल्या. त्यांना वाटलं, मुलगा कौतुकानं विचारतोय. "पन तसंच घालत न्हाई मी. जाराचं पाणी मेलेलं असतंय. रातच्याला तांब्याच्या घागरीत वतून ठिवते. सकाळी त्यात जीव येतो. पूजेला तेच, जंगमाला तेच. आपल्या पोटाला चालतंय, मग त्याला न्हाई का चालनार?"

ती घागर त्यांच्या लग्नातली. चिंचेनं घासून लाल केलेली. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तीत असायचं. माणसाला ते चांगलंच. पण यंत्रानं क्षार काढलेलं जाराचं पाणी तांबं लवकर धरतं, आणि पोवळ्याला, गोगलगाईला तांबं विष आहे. माशाला थोडंफार सोसतं. पाणी उडत होतं, तांबं मागं राहत होतं. रोज थोडं, महिनाभर.

अप्पांच्या कानाला फोन होता. दुकानदार हॅलो हॅलो करत होता.

"लई चांगलं केलंस, आई," अप्पा म्हणाले. "आन इकडं. आज मी घालतो."

त्यांनी लोटा घेतला. आईकडे पाठ करून मला दिला आणि डोळ्यानंच मोरी दाखवली. मी पाणी ओतलं नाही. पिऊन टाकलं. त्या उन्हाळ्यात पाणी ओतवत नव्हतं.

मी बरेच शहाणे नायक वाचले होते. इतक्या पटकन इतकं नीट खोटं बोलणारा एकही आठवला नाही.

त्याच दुपारी घागर गेली. "गळायला लागलीय, आई. तांबटाकडं देतो," असं सांगून अप्पांनी ती गोणपाटात गुंडाळली आणि माझ्या खोलीत, माझ्या खाटेखाली ठेवली.

पोवळ्याचा दगड त्यांनी प्लास्टिकच्या टबात काढला. नवं पाणी, नवं मीठ. पण पेटीतलं पाणीही बदलायला हवं होतं, आणि तेवढं पाणी आणायचं कुठून? एका तांब्याच्या अंघोळीतून आणखी काय वाचणार? अप्पांनी अंघोळच सोडली. ओल्या फडक्यानं अंग पुसून डेअरीत जाऊ लागले. काकूंना त्यांनी सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी आपल्या वाट्याचा जार पेटीशेजारी आणून ठेवला.

"मला काय बघताय?" त्या म्हणाल्या. "त्या उठून बसल्यापासून मला भाजी निवडायला जोडीदार मिळालाय."

थोडं थोडं जुनं पाणी निघत गेलं, थोडं थोडं नवं पडत गेलं. रांगेत वच्छलाबाई नाकाला पदर लावायच्या. "अप्पा, आता टँकरबी तुमाला बघून लांब उभा ऱ्हातो."

घरी उमाबाई रोज घागर विचारायच्या.

"तांबट आला का रे?"

"गावाला गेलाय, आई. पुतण्याचं लगीन."

पुढच्या आठवड्यात तांबटाचा हात भाजला. मग त्याची लेक बाळंत झाली. मग भट्टीचा भाता फाटला.

"लई परेशान हाय बिचारा," उमाबाई म्हणायच्या. जाराचं पाणी त्या आता प्लास्टिकच्या मगानं घालायच्या. तो मग अप्पांनीच आणून दिला होता. घागर येईपर्यंत म्हणून.

आषाढ लागला तेव्हा टबातला दगड परत पेटीत गेला होता. बरीचशी फुलं गळून गेली होती. एका कडेला चार-दोन घट्ट मिटलेली उरली होती. अप्पा ती दिवसातून कितीदा बघायचे कुणास ठाऊक.

एका सकाळी मी गेलो तेव्हा अप्पा डेअरीत होते. उमाबाई पेटीसमोर पाटावर बसल्या होत्या. त्यांनी मला हातानं खुणावलं, आवाज करू नको म्हणून. मी वाकून पाहिलं. एक फूल उघडलं होतं. मधला हिरवा ठिपका दिसत होता.

आम्ही दोघं बघत राहिलो.

मग त्या वर न बघता म्हणाल्या, "शादेव, घागर तुज्या खाटंखाली हाय ना?"

मी झटकन सरळ झालो.

"तुज्या आईला विचारलं मी. तिला काय ठावं, तिनं सांगून टाकलं." त्यांनी प्लास्टिकचा मग उचलला, रेघ बघितली, बारीक धारेनं पाणी सोडलं. "ज्या दिवशी घागर गेली, त्या दिवसापासून गोगलगाई मरायच्या थांबल्या. म्हातारी झालेय मी. आंधळी न्हाई झाले."

"अप्पांना..."

"त्याला कळू देऊ नको मला कळलंय म्हणून. एवढा उन्हाळा बिनअंघोळीचा काढला पोरानं. ऱ्हाऊ दे त्याचा तांबट."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत नव्हत्या. फुलाकडे बघत होत्या.

बाहेर सायकल लागली. अप्पा आत आले. चप्पल काढायच्या आधीच त्यांची नजर पेटीकडे गेली आणि ते दारातच थांबले. मग डोळे पुसायचे ते त्यांनी घाम पुसल्यासारखे पुसले.

"आई, उघडलं की गं."

"उघडनारच. मी रोज पाणी घालते." उमाबाईंनी हातातला मग खाली ठेवला. "तांबट आला का रे?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी माशाकडे पाहिलं.

"न्हाई, आई. त्याचा सासरा आजारी हाय."

"बरं," उमाबाई म्हणाल्या. "येऊ दे सावकाश."