उन्हात धरलेली पोत

लहानपणी मला प्रत्येक वस्तू डोळ्याला लावून पाहायची खोड होती. आमचं विणकराचं घर. पुढच्या खोलीत वडिलांचा माग आणि खिडकीखाली आई मणी ओवत बसलेली. मागावरचं उरलेलं रेशीम पिळून, मेण लावून ती माळा करायची. त्या काळी धरमपेठेतल्या बायकांना निळ्या मण्यांची भारी हौस. आईच्या परातीत आकाशी, मोरपंखी, गडद असे काचमणी पडलेले असत. निळ्याच्या इतक्या जाती कशाला, असं विचारून मी तिला भंडावून सोडायची.

ताईचं लग्न उमरेडला ठरलं. तिच्या मंगळसूत्राची काळी पोत आईच ओवत होती. मी सवयीनं त्यातला एक मणी उचलून उन्हात धरला, तर तो काळा नव्हताच. दाट निळा होता, दौतीतल्या शाईसारखा. दुसरा धरला, तिसरा धरला, सगळे तसेच. माझ्या मनात आनंद मावेना, पण आईचा चेहरा उतरला.

ताईच्या होणाऱ्या सासूबाईंनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं, निळा रंग शनीचा, नवऱ्याच्या जिवावर येतो, नवरीच्या अंगावर त्याचा धागाही नको. वडिलांनी ताईसाठी हौसेनं विणलेलं निळं लुगडं त्यापायी पेटीत गेलं होतं. आता पोतच निळी निघाली तर सोयरीक मोडेल, या धास्तीनं आईनं दुसऱ्या दुकानातून मणी आणले. तेही उन्हात निळेच. शेवटी तिनं मला दम भरला, या गोष्टीबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

सासूबाई दागिने पाहायला आल्या. त्यांचे यजमान ओट्यावर वडिलांशी बोलत बसले. बाईंनी पोत हातात घेतली आणि नीट दिसावी म्हणून थेट खिडकीशी गेल्या.

"हे त निळं हाये वं."

आई परातीतले मणी उगाच चाळू लागली. दाराआड ताईनं पदर तोंडाशी धरला. मी गप्प राहायला हवं होतं, पण जित्याची खोड. त्यांच्या गळ्यातली जुनी पोत आतून कशी असेल, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

"मावशी, तुमची पाहू का?"

आईनं डोळे वटारले. बाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी गळ्यातली पोत न काढता पुढे ओढली आणि उन्हात धरली. निळी. मग त्यांनी ओट्याकडे पाहिलं. तिथे त्यांचे यजमान, चांगले धडधाकट, बशीतून चहा ओढत होते.

"लगन झाल्यापासून मी निळं लुगडं नेसली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "सासू नाही म्हणे. मले लय आवडे."

मग त्यांनी पोत आईला परत दिली, हीच पुरी करा म्हणाल्या आणि परातीशी बसून मोरपंखी मणी निवडू लागल्या. मला त्या एकदम आवडून गेल्या.

लग्नात विहिणीचा मान म्हणून वडिलांनी पेटीतलं तेच निळं लुगडं त्यांना दिलं. बाई आत गेल्या आणि ते नेसून आल्या, गळ्यात आईनं ओवलेला मोरपंखी सर. अक्षता पडेपर्यंत त्यांचे यजमान नवरा-नवरीकडे नाही, त्यांच्याकडेच पाहत होते.